पांढऱ्या बटेची बाई काय म्हणाली

ती काहीच म्हणाली नव्हती. हे आधी सांगून टाकतो, कारण आता माझं वय झालं आहे, आणि गोष्ट सांगता सांगता मी मूळ मुद्दा सोडून जनावरांच्या आजारांकडे वळतो, अशी घरच्यांची तक्रार आहे. ती खरीही आहे.

एका इंग्रजी सिनेमातल्या बाईच्या तोंडी मी दोन वेळा दोन वाक्यं घातली. पहिल्यानं एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, दुसऱ्यानं ते जुळलं. दोन्ही वाक्यं माझी होती. दुसऱ्याबद्दल मला लोकांनी जिलबी खायला घातली. पहिल्याबद्दल कुणी जाब विचारला नाही, आणि आपणहून खरं सांगण्याचा शहाणपणा मला तेव्हा सुचला नाही.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हतो, पण गाव डॉक्टर म्हणे आणि मी ओ देत असे. माझं मुख्य काम गाई भरवण्याचं. थंडगार नायट्रोजनच्या डब्यात चांगल्या वळूंच्या वीर्याच्या कांड्या असायच्या. गाय माजावर आली की शेतकरी तिला घेऊन यायचा, आणि ज्या वळूला त्या गाईनं जन्मात पाहिलं नाही त्याचं वासरू मी तिच्या पोटी घालायचो. माझ्या कांडीच्या गाई दूध भरपूर द्यायच्या. एप्रिल-मेमध्ये मात्र जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, आणि मालकाला त्यांच्या पाठीवर ओली पोती टाकत बसावं लागायचं. ती गोष्ट आम्ही सरकारी भाषणात सांगत नसू.

गावात एका तरुणानं कोंबड्यांची शेड बांधली होती. एका उन्हाळ्यात मानमोडी आली आणि सगळ्या कोंबड्या गेल्या. मी शेवटपर्यंत खटपट केली, पण मानमोडीला उपाय... असो. रिकाम्या शेडचं करायचं काय, म्हणून त्यानं मोठा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला आणि दर रविवारी दुपारी पिच्चर दाखवायला सुरुवात केली. कॅसेट सांगलीहून भाड्यानं यायच्या. बाप्ये खाद्याच्या पोत्यांवर बसत, बाया पलीकडच्या अंगाला. पत्रा तापला की कोंबड्यांचा वास परत जिवंत व्हायचा, पण हिरो-हिरॉइनी एकदा नाचायला लागले की तो कुणाच्या नाकात जात नसे.

त्याच सुमाराला परदेशात कुणी एका मेंढीची हुबेहूब नक्कल तयार केल्याची बातमी पेपरात आली होती. पारावर विषय तोच. नंदीवाल्याच्या बैलाला विचारावं तसं लोक मला विचारायचे, "डॉक्टर, माणसाची नक्कल हुईल का वं?" मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, "होईल. पण आधी अस्सल चांगला सापडला पाहिजे." एवढ्यावर माझं विज्ञान संपायचं.

ही हवा बघून शेडवाल्यानं सांगलीच्या दुकानदाराकडून त्याच विषयावरचा एक इंग्रजी सिनेमा आणला आणि थेट माझ्या दवाखान्यात आला.

"आवं डॉक्टर, ह्यात कारखान्यात माणसं बनवत्यात म्हनं. एकदम फस्क्लास माणसं. तुमी हुबं ऱ्हाऊन मराठीत सांगा."

"मला त्यांचं इंग्रजी कळायचं नाही रे."

"औषदाच्या बाटलीवरचं वाचताय न्हवं? मग ह्ये काय अवगड हाय!"

नाही म्हणायला हवं होतं. पण गावभर पाटी झाली होती: 'माणसांची पैदास. डॉक्टर समजावून सांगतील.' आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

पहिल्या रविवारी शेड गच्च भरली. मी हातात उसाचं कांडं घेऊन टीव्हीशेजारी उभा. पडद्यावर एक लखलखीत कारखाना आला. काचेच्या हंड्यांत बाळं तरंगत होती, पांढऱ्या डगल्यातली माणसं हंड्यांवर टिचक्या मारत हिंडत होती.

"डॉक्टर, ही कांडीच का?" एकानं विचारलं.

"हीच. फक्त यांचा डबा मोठा आहे."

मला तोंडओळखही नसलेली भाषा मी फाडफाड मराठीत उतरवत होतो. त्या शहरात कुणाला सर्दी होत नाही, कुणी घोरत नाही, कुणाच्या डोक्यावर टक्कल नाही. मध्येच एका कामगाराला शिंक आली आणि पहारेकरी त्याच्या मागे लागले. तेवढं मात्र न सांगता सगळ्यांना कळलं. एक उंचापुरा, गोरापान, कमावलेल्या अंगाचा तरुण सारखा पडद्यावर यायचा. कारखान्याचा सगळ्यात उत्तम नग तोच असावा. त्याचं नाव मी 'वळू' ठेवलं. तो आला की शेडमध्ये शिट्ट्या.

"गड्या, ही कांडी आपल्याकडं आली पायजे," एक जण म्हणाला. "पुढचं पोरगं मी असलंच आनतो!"

बायांच्या बाजूनं लगेच आवाज आला, "आदी सोताला बदलून आन, मग पोराचं बग!"

शेड हसली. दाद म्हणजे काय चीज असते ते मला त्या दुपारी कळलं. आयुष्यभर मी गाईंसाठी काम केलं होतं, आणि गाई टाळ्या वाजवत नाहीत.

आता ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिच्याकडे येतो. ती शेडवाल्याची धाकटी बहीण. तिच्या कपाळाच्या मधोमध, भांगाच्या सुरुवातीला, बोटभर रुंदीची पांढरीशुभ्र केसांची बट होती. जन्मापासून. तिच्या आत्यालाही तशीच होती. ते कोड नव्हतं, रोग नव्हता. काही वासरांच्या कपाळावर चांद असतो, तशी ती एक खूण. चांदामुळे दूध कमी होत नाही, आयुष्य कमी होत नाही. हे सबंध गावात सगळ्यात नीट मला माहीत होतं.

शेजारच्या वस्तीवरच्या एका मुलाशी तिचं जवळजवळ ठरलं होतं. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे शब्द चालायचा चुलत्याचा. चुलता फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. गावात कुणाला बैल घ्यायचा असला की बाजाराला हवालदारांना न्यायचे. ते चष्मा लावून बैलाच्या मागून पुढून फिरायचे, पाठीवरचे भोवरे मोजायचे, एक भोवरा चुकीच्या जागी निघाला की सौदा मोडायचे. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी तिला चालायला लावलं होतं आणि पाहुण्यांसमोर निकाल दिला होता, "गुडघं आपटत न्हाईत. पास." फक्त बटेवर त्यांचं घोडं अडलं होतं. "इच्यार करून कळवतो," म्हणाले होते. आणि विचार करायला ते त्या रविवारी पुतण्याला घेऊन शेडमध्ये, पहिल्या पोत्यावर, येऊन बसले होते. पैदाशीचा विषय, डॉक्टर समजावून सांगणार, मग आणखी काय पाहिजे?

आणि नेमकी सिनेमात एक बाई आली. कारखान्याची मुख्य असावी; मी तिला वळूची बायको ठरवून टाकलं. तिच्या काळ्या केसांत कपाळावर पांढरी बट!

शेडमधली सगळी डोकी टीव्हीकडून बायांच्या बाजूला वळली. मुलीनं मान खाली घातली.

हवालदार खाकरले. "डॉक्टर, ह्या बाईची बट कशानं? काय म्हनती ती?"

बाई काचेच्या हंड्यांकडे बघत उभी होती. 'माहीत नाही' हे दोनच शब्द होते. ते मी म्हणालो असतो तर हे सगळं लिहावं लागलं नसतं. पण शेड माझ्याकडे बघत होती, आणि जिभेवर वाक्य तयार होतं.

"ती म्हणते," मी उसाचं कांडं उंचावलं, "असलं पांढरं कपाळ पुढच्या पिढीत उतरतं. असली कालवड पैदाशीला ठेवत नाहीत, बाजार दाखवतात!"

त्या दुपारचं सगळ्यात मोठं हसू या वाक्याला मिळालं. पत्रे हादरले. मी स्वतःही हसलो. त्यातच वीज गेली. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या, तेवढाच उजेड. त्या उजेडात हवालदार उठताना दिसले.

"मेडिकल अनफिट," ते म्हणाले, आणि बाहेर पडले. मागोमाग पुतण्या. जाताना त्यानं एकदा मागे वळून बघितलं, पण माझ्याकडे नव्हे.

घरी येईपर्यंत मला वाटत होतं की विनोद चांगला झाला. संध्याकाळी निरोप ऐकला की लग्न मोडलं. बायकोनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला माझं मराठी अजून कळत नाही, त्या इंग्रज बाईचं बरं कळलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी दवाखान्यात आली. भाऊ नव्हता, एकटीच. सोबत माजावर आलेली गाय. मी गाईला खोड्यात घेतलं, कांडी कोमट पाण्यात सोडली. एकदा ती वितळली की थांबता येत नाही, काम तिथल्या तिथे उरकावं लागतं. माझा डावा हात कोपराच्या वरपर्यंत गाईत गेला आणि मुलगी शेपूट धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"डॉक्टर, ती बाई खरंच तसं म्हनली?"

अशा वेळी माणूस कुठे जाणार? पळून जायला निदान दोन्ही हात आपल्याकडे असावे लागतात.

"इंग्रजीत... तसंच काहीसं होतं," मी म्हणालो.

"बरं." तिनं शेपूट जरा घट्ट धरलं. "शेवट ऱ्हायलाय न्हवं? मग पुढल्या आइतवारी दादा परत लावंल. हवालदारांना तुमी आना. आन् पिच्चरमदी जे हाय तेच सांगा."

"हवालदार कशाला येतील?"

"ते तुमी बगा. मोडायला तुमी आनलं न्हवतं त्यास्नी, ते आपनहून आले हुते. आता जोडायला आना." मग गाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "आन् जरा नीट. तुमच्या मागल्या कांडीचं वासरू उनात हुबं ऱ्हात न्हाई. कपाळ मातुर एकदम पास हाय त्याचं."

तो आठवडा मी शेडमध्ये डिक्शनरी घेऊन काढला. दुपारी एकटाच टीव्हीसमोर बसायचो. दहातला एखादा शब्द पकडायचो, तो डिक्शनरीत शोधेपर्यंत पडद्यावर माणूस मेलेला असायचा. कशावरून मेला ते कळायला पुन्हा कॅसेट मागे. शेवटी शेवटी मला एवढंच खात्रीनं सांगता आलं असतं की कारखान्याला आग लागते. जे आहे तेच सांगायचं, तर सांगायला माझ्याकडे फक्त आग होती.

हवालदारांना मात्र आणलं. रविवारी सकाळीच त्यांच्या अंगणात जाऊन विचारलं, "हवालदारसाहेब, निम्मा मेडिकल करून जवानाला अनफिट करतात का?"

ते ताठ बसले. "न्हाई. पुरा मेडिकल. कायदा हाय."

"मग सिनेमाचा निम्माच मेडिकल झालाय."

पुतण्या गोठ्याच्या दारात वैरण घेऊन उभा होता. ते ऐकून तो वैरण खाली ठेवून घरात गेला.

दुसऱ्या रविवारी शेडमध्ये बसायला जागा उरली नाही. एवढी गर्दी सिनेमासाठी नव्हती. सुरुवातीचा भाग सगळ्यांना पाठ होता, वळू आल्यावर तर पोरं माझ्याआधी बोलत होती. शेवट जवळ आला. आग लागली. बटेची बाई खिडकीशी उभी होती आणि वळू तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता. मुलीचा भाऊ व्हीसीआरपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. पलीकडे त्याची बहीण.

"ती बाई म्हणते," मी सुरू केलं. आवाज कापत होता. लोकांना वाटलं प्रसंगच तसा आहे. "ती म्हणते, या कारखान्यात सगळे नग सारखेच निघाले. चांगला कोण आणि फालतू कोण, ओळखू येईना. म्हणून आम्ही अस्सल माणसाला खूण ठेवली. माझ्या कपाळावरची ही बट, हीच ती पहिल्या प्रतीची खूण."

हवालदार पुढे वाकले.

"म्हंजी मिलिट्रीत पेटीवर ठप्पा मारत्यात तसं?"

"अगदी तसंच."

"मग मागल्या आइतवारी कालवड का म्हनली?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. पण खोटं एकदा तापलं की वितळल्या कांडीसारखंच, थांबता येत नाही. "तेव्हा ती मालकाच्या भीतीनं बोलत होती," मी म्हणालो. "आत्ता मालक आगीत गेला."

"गेला व्हय?"

"आत्ताच. मघाशी पडला तो."

हवालदारांनी बराच वेळ विचार केला. मग दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली. "फिट!"

लग्न झालं. त्यात हवालदारांनी प्रत्येक पाहुण्याला सुनेची बट दाखवून सांगितलं, "इदेशी कारखान्यात असली खून करत्यात. आपल्याकडं कुदरती हाय." मला आग्रहानं पंगतीत बसवलं. पुढे माझी बदली पाटणला झाली. तिथल्या डोंगरातल्या गाईंना इंग्रजी सिनेमाची भानगड नव्हती.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला आल्यावर, एका दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा हिंदीत लागला. मी चहा बाजूला ठेवून बघितला. बटेबद्दल सबंध सिनेमात एक अक्षर नाही. कारखान्यात कपाळावरची खूण वगैरे काही नाही. आणि ज्या वळूला मी दोन्ही रविवारी त्या बाईचा नवरा करून टाकलं होतं, तो तिचा मुलगा निघाला! आपल्यासाठी तिनं तो बिनचूक बनवून घेतलेला असतो. शेवटी तो तिच्यापुढे गुडघे टेकतो तो एवढंच विचारायला, की मी थोडा चुकलेला असतो तर तुला चाललो असतो का. ती उत्तर देत नाही. बायको शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई आणि मुलगा! आणि तुम्ही गावाला काय सांगून आलात!"

तेव्हापासून मन खाऊ लागलं. एका घराचा संसार माझ्या थापेवर उभा होता. हवालदार तोवर गेले होते, त्यांना सांगायचा प्रश्न नव्हता. पण नवऱ्याचं काय? त्यानं आपल्या बायकोला पहिल्या प्रतीची समजून घरात आणलं, आणि प्रत मी लावलेली.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. सांगलीला कार्यालयात लग्न. नवरी बोहल्यावर उभी होती आणि तिच्या कपाळावर, मुंडावळ्यांच्या मधोमध, तीच बट. झाकलेली नव्हती, रंगवलेली नव्हती. मी जेवणाच्या हॉलमध्ये नवरीच्या बापाला गाठला. आता तो पोट सुटलेला, पांढऱ्या मिशांचा. ऊस आणि जनावरं सांभाळून असणारा माणूस. मी त्याचा हात धरला आणि एका दमात दुसऱ्या रविवारची सगळी थाप सांगून टाकली.

तो हसायला लागला.

"आवं डॉक्टर, तवा त्या बाईचं तोंड मिटलेलं हुतं की! तुमी यवढं लांबलचक बोललासा, आन् ती नुसती खिडकीत हुबी!"

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"म्या कशाला बोलू? काकास्नी दिसू नये म्हनून त्यांचा चष्मा म्याच वैरनीत दडवला हुता त्या दिशी."

वैरण खाली ठेवून घरात गेलेला पोरगा मला आत्ता कळला.

"मंडळींना हे माहीत आहे?"

"तिलाच इचारा," म्हणून तो पाहुण्यांकडे गेला.

ती जिलबीचं ताट घेऊन माझ्याकडेच येत होती. केस आता बहुतेक पांढरे झाले होते, बट शोधावी लागत होती. तिनं नवऱ्याचं शेवटचं वाक्य ऐकलं असावं.

"चष्म्याचं मला लग्नानंतरच सांगितलं ह्येनी," ती म्हणाली. "दुसऱ्या आइतवारचं समदं ठावं हाय मला, डॉक्टर. एकच इचारायचं हुतं. पयल्या आइतवारी त्या बाईचं तोंड कसं हुतं?"

मला चटकन कळलं नाही.

"समदी माझ्याकडं बगत हुती, म्हनून मी खाली बगत हुते," ती म्हणाली. "मला दिसलंच न्हाई. ह्येनी बी माझ्याकडंच बगत हुतं, ह्यास्नी बी ठावं न्हाई. दवाखान्यात इचारलं तर तुमी तसंच काहीसं म्हनलासा. ती खरंच तसं म्हनली हुती का?"

एवढी वर्षं. तिचं लग्न झालं, पोरं झाली, पोरीचं लग्न लागलं, आणि तो हसण्याचा आवाज कुणाच्या वाक्याला होता ते तिला ठाऊक नव्हतं. या वेळी माझे दोन्ही हात मोकळे होते.

"नाही," मी म्हणालो. "तिचं तोंड मिटलेलं होतं. ते मी म्हणालो."

तिनं माझ्या ताटात एक जिलबी ठेवली, आणि जरा थांबून आणखी एक.

"बरं झालं सांगितलासा," ती म्हणाली. "त्या बाईवर माझा उगंच राग हुता."